मुशीच्या तेलातली पिकअप

मी रोज टेंपो चालवते आणि मला रोज भीती वाटते. लोकांना हे पटत नाही. रोह्याच्या बाजारात मी सुकटीची पोती उतरवायला लागले की बायका म्हणतात, "काय बाय हाय, वाघीण!" वाघीण कसली, डोंबलाची! घरून निघताना देवाचं जे नाव घ्यायला लागते, ते वाटेतलं चणेरा गाव मागे पडेपर्यंत थांबत नाही.

भीतीचं मूळ आमच्या दारातच आहे. रेवदंड्याहून पूल ओलांडला की खाडीच्या ह्या अंगाला आमचा कोळीवाडा. सगळी घरं खाली, पाण्याजवळ. आमचंच तेवढं वर, डोंगराच्या पोटाशी. अंगणातून जी गल्ली निघते ती सरळ खाली धक्क्यावर जाते. मध्ये वळण नाही, सपाटी नाही. गल्ली संपली की धक्का आणि धक्का संपला की पाणी. धक्क्याच्या जरा अलीकडे डाव्या हाताला घरांमध्ये एक फट आहे, तिथून वाळूवर उतरता येतं. होड्या ओढून ठेवतात ती वाळू. बाजाराचा रस्ता खालूनच निघतो, त्यामुळे हा उतार मला चुकत नाही. पहिल्या गियरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून, मी मुंगीच्या पावलांनी उतरते. मागून मोटरसायकलवाले हॉर्न मारतात. मारा म्हणते, मेल्यांनो.

आणि त्याच उतारावरून मला बाबांची जुनी पिकअप खाली न्यायची होती, आईला शेजारी बसवून. का, ते सांगते.

बाबांनी ती पिकअप घेतली तेव्हाच ती जुनी होती. पुढे आलेलं लांब नाक, गोल दिवे, पुढं दोन माणसं बसतील एवढी केबिन आणि मागं लाकडी फळ्यांचा हौदा. धक्क्यावर होड्या लागल्या की मासळी भरायची आणि रोह्याचा बाजार गाठायचा, हा तिचा धंदा. बसण्याची रीत ठरलेली. पुढं बाबा आणि एखादा व्यापारी नाहीतर गावातला कुणी बाप्या. मागं पाट्या, बर्फ आणि बायका. बायका केबिनला पाठ लावून बसायच्या, तोंड मागच्या रस्त्याकडे. बर्फाचं पाणी लुगड्याखालून वाहायचं. आई त्यांच्यातच. नवऱ्याची गाडी, पण ती कधी पुढं बसली नाही. एकदा बोलून दाखवलं तर बाबा म्हणाले, "बाकीच्या मागं आनी तू पुढं? बरं दिसंल का?" आई म्हणाली, न्हाय दिसनार, आणि विषय संपला. पण तिच्या पोटातून तो गेला नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

मग गाडी बंद झाली. तो दिवस मला आठवतो, कारण मीही हौद्यात होते, आईच्या मांडीला टेकून. गाडी रिकामी होती, मासळीच्या लिलावाला खाली चालली होती. उतारावर ती एकदम सुसाट सुटली. बायकांचे पदर उडाले, रिकाम्या पाट्या हौद्यात इकडून तिकडे घसरायला लागल्या, आणि सगळ्या जणी किंचाळून हसायला लागल्या. मला तर पाळण्यात बसल्यासारखं वाटलं. मग धाडकन दणका बसला. होड्या बांधायचा दगड धक्क्याच्या काठावर आहे, त्याला पुढचं चाक आपटलं होतं. बायका उतरल्या आणि बाबांच्या नावानं शिव्या सुरू. "आज काय आलंय ह्याच्या अंगात!" "सकाळीच घेऊन बसला वाटतं!" आई सगळ्यात मोठ्यानं हसत होती. बाबा मात्र केबिनमधून उतरले नाहीत. बराच वेळ आत बसून राहिले. लिलाव अर्धा झाला तरी आतच.

संध्याकाळी त्यांनी गाडी वर आणली, घराशेजारच्या जाळ्यांच्या मांडवात उभी केली आणि सांगितलं, "इंजिन बसलं." बस्स. परत ती गाडी रस्त्यावर आली नाही. विकलीही नाही.

आईच्या नशिबी मग डोक्यावर पाटी आली. उतार उतरा, एसटी धरा, कंडक्टरची बोलणी खा, रोह्याला बसा, परत या, चढ चढा. तिचे गुडघे त्यातच गेले. आणि तिची एक टकळी सुरू झाली ती आयुष्यभर थांबली नाही. "तुझ्या बाबानं चांगली गाडी कुजवली. आळशी मानूस! दुरुस्त करायला हात झडले व्हते?" ताटावर बसलं की हेच. पाहुणे आले तरी हेच. बाबा खाली मान घालून जेवायचे. मला त्यांचा राग यायचा. एक शब्द तरी बोला की, असं वाटायचं.

पण एक होतं. पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे होडी वर ओढतात, खाली ओंडके देतात, मुशी माशाचं तेल पाजतात आणि माडाच्या झापांनी झाकतात. बाबा त्याच दिवशी त्या गाडीचंही तसंच करायचे. ओंडक्यांवर चढवलेलीच होती. दाराला, बोनेटला, हौद्याला, खालच्या लोखंडाला, सगळीकडे मुशीचं तेल. बाबा वरून फडकं मारायचे आणि आई खाली सरपटत जाऊन चाकांच्या आतल्या अंगाला, काठीला चिंधी बांधून, जिथं जिथं भोक दिसेल तिथं तेल पाजायची. तोंडानं चालूच. "चालवायची न्हाय तर तेल कशाला पाजता? मढ्याला अत्तर!" पण हात थांबायचे नाहीत. खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, ठेवलेली वस्तू नीट ठेवायची, एवढं तिला लहानपणापासून माहीत. मुशीच्या तेलाचा वास कसा असतो ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको आणि ज्याला माहीत नाही त्यानं सुखी राहावं. कोळीवाड्यातली यच्चयावत मांजरं त्या गाडीखाली झोपायची, टायर चाटत.

बाबा गेले. आई एकटी पडली म्हणून मी सासरचं घर जावेच्या ताब्यात देऊन माहेरी राहायला आले. वर्ष झालं आणि आईच्या छातीत दुखायला लागलं. अलिबागच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्या वयात चिरफाड नको, हृदय फार थकलंय, जपा, घाबरवू नका, जिभेखाली ठेवायची गोळी कायम जवळ असू द्या. ती डबी मी तेव्हापासून कमरेला खोचून फिरते.

दवाखान्यातून परत येताना टेंपोत आई माझ्या शेजारी होती. म्हटलं, काय खावंसं वाटतंय, सांग. म्हणाली, "खायला काय नको. मला एकदा त्या गाडीत पुढं बसायचंय. बंदरावर जायचं आनी लिलावाला उतरायचं."

"अगो, आत्ता पुढंच बसलीस की!"

"ह्या डबड्यात न्हाय. आपल्या गाडीत."

ती गाडी, तो उतार आणि आईचं हृदय, तिन्ही एकदम डोळ्यांपुढं आली. मुंबईच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "आईचं काय ऐकतेस, भंगारवाल्याला बोलव." मला तो सल्ला मनापासून आवडला होता, खोटं कशाला बोलू. पण आईनं त्या दिवसापासून रोज सकाळी मांडवात जाऊन गाडीच्या दारावर हात फिरवायला सुरुवात केली. तोंडानं काही नाही. ती बोलली असती तर मी भांडले असते, पण मुक्या माणसाशी भांडायचं कसं?

शेवटी रोह्याहून मिस्त्री आणले. हे मिस्त्री म्हणजे एक नमुना. काम थोडं, बढाई फार. आल्या आल्या पानाची पिचकारी मारून म्हणाले, "ताई, मेलेली गाडी माझा नुसता आवाज ऐकून उठते." झाप काढले, ताडपत्री ओढली आणि नाकाला रुमाल लावून चार पावलं मागं आले. "या अल्ला! ताई, ही गाडी हाय का सुकट?"

पण खाली वाकून बघितल्यावर त्यांची बडबड जरा थांबली. गंजाचा मागमूस नव्हता. तेलाचा चिकट काळा थर खरवडला की आत लोखंड जसंच्या तसं. वायरी उंदरांनी खाल्ल्या असतील म्हणाले, तर मांजरांच्या राज्यात उंदीर फिरकतोय कशाला? मिस्त्रींनी इंजिनात डिझेल ओतून मुरत ठेवलं. मग टाकी उतरवून धुतली, रबरी नळ्या सगळ्या नव्या घातल्या, पनवेलहून टायर मागवले. सगळा पावसाळा हे चाललं. यायचे तेव्हा यायचे, नाहीतर फोन बंद. मी आतून खूश असायचे. जेवढा उशीर तेवढं बरं.

एक दिवस मला हाक मारली. "ताई, इंजिन बसलंय असं कोण बोललं होतं?"

"बाबा."

"काय पण न्हाय झालेलं. इंजिनाला कधी हात पण लागलेला न्हाय. असंच्या असं चालत होतं, बंद करून ठेवलंय."

आई मागं उभी होती, तिनं ऐकलं. तिच्या तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. "बघ! बघ! मी काय सांगत व्हते? फुकाची ठेवली गाडी! मला डोक्यावर पाटी देऊन हा मानूस चांगली गाडी कुजवत बसला! कशापायी? विचार तुझ्या बाबाला!" बाबांचा फोटो ओटीवर होता, त्याच्याकडे बघून तिनं हात नाचवले. मी म्हटलं, आई, छाती धर, बस खाली. पण खरं सांगायचं तर मलाही वाईट वाटलं. एवढं खोटं का बोलावं माणसानं?

ब्रेकची गोष्ट त्यानंतरची. मिस्त्रींनी चाकं उघडली तर आतून मुशीचं तेलच तेल. ब्रेकचे पट्टे तेल पिऊन फुगलेले. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "ताई, तेल इंजिनाला पाजा, माणसाला पाजा, ब्रेकला न्हाय. तेल लागलं की पट्टा धरतच न्हाय, नुसता घसरतो." सगळं धुतलं, पट्टे नवे बसवले, पुसून कोरडंठाक केलं. हे मला सांगितलं आणि मी मान डोलावली. आई तेव्हा आत भाकऱ्या थापत होती. तिला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

भादव्यात गौरी-गणपती उरकले आणि गाडी सुरू झाली. आवाज असा, की मांडवातली कोंबडी तुळशीवर जाऊन बसली. मिस्त्री स्वतः खाली धक्क्यापर्यंत नेऊन वर घेऊन आले. वाटेत चार जागी थांबवून दाखवली. "बघा, जागच्या जागी! कागद-बिगद न्हाईत, तेव्हा गल्लीच्या बाहेर काढू नका. आनी एक, उतारावर गियर उडतो, जुनी हाय ती. दांडा हातानं दाबून धरायचा. सोडायचा न्हाय."

मी म्हटलं, मग तुम्हीच न्या की आईला.

आई फणकारली. "परक्या बाप्याच्या शेजारी बसून गावातून मिरवू? तू हायस ना? तुला काय धाड भरलीय?"

काय धाड भरलीय! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. देव पाण्यात घालून बसायचं तेवढं बाकी होतं. पहाटे मी आईला म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ, मला बरं वाटत नाही. ती केस विंचरत होती. म्हणाली, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस. जल्मापासून तू अशीच. टेंपोत पण देवाचं नाव घेत उतरतेस, मला म्हाईत हाय. आज तरी भिऊ नको गो." आणि मग हळूच, "पुढच्या आठवड्याचं कुनी पाहिलंय?"

उजाडल्यावर मी मांडवात गेले. आई माझ्या आधीच तिथं होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली, हात पदराला पुसत होती. गाडीच्या नाकावर हळदकुंकू, खाली नारळ फोडलेला. चाकांना मांजरं लागली होती, चारही चाकांना, आतल्या बाजूनं माना घालून चपाचपा चाटत होती. मी हुस्स करून पिटाळली. वास होता, पण तो त्या मांडवात कायमचाच. माझं अर्धं लक्ष खाली, धक्क्याकडे होतं. होड्या लागल्या होत्या. लिलावाला बायका जमत होत्या. मिस्त्री पुढं चालत खाली गेले होते, चहा प्यायला आणि आपली करामत लोकांना दाखवायला.

आईला धरून पुढच्या सीटवर चढवलं. तिनं पाय नीट जुळवले, पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि काचेतून समोर बघायला लागली. फोटो काढायला बसतात तसं. मला रडू आलं आणि त्याच वेळी पाचावर धारण बसलेली. गाडी सुरू केली. अंगणात ब्रेक दाबून बघितला. थांबली, पण जरा ढिली वाटली. क्षणभर वाटलं, उतरावं आणि मिस्त्रींना हाक मारावी. मग म्हटलं, ब्रेक नाही, माझाच पाय लटपटतोय. आज भिऊ नको सांगितलंय ना? जन्मभर ज्या भीतीचं ऐकत आले, तिला एक दिवस गप बसवली, आणि तोच दिवस नडला.

गल्लीला लागलो. पहिला गियर, दांडा डाव्या हातानं दाबून धरलेला. गाडी गुरगुरत उतरत होती. ओट्यांवरून लोक बघत होते. "काय आजी, आज राणीसायब!" आई मान हलवून सगळ्यांना उत्तर देत होती. आणि मग घरांच्या मधून समोर खाडी उघडली. भरती होती. उन्हात पाणी लखलखत होतं, पलीकडे रेवदंड्याच्या माडांची रांग. आईनं एकदम माझा डावा हात धरून ओढला. "बघ गो, बघ! पुढून दर्या कसा दिसतो! आमी जल्मभर उलट्या तोंडानं गेलो!"

हात दांड्यावरून सुटला. खट्ट आवाज झाला आणि गाडीची गुरगुर थांबली. गियर उडाला होता.

मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, चाकांनी काही ऐकलं नाही. परत दाबला. पुन्हा काही नाही, नुसतं घसरणं. हँडब्रेक ओढला, तोही तसाच. दांडा ढकलायला गेले तर आत नुसता खरखराट. आणि तेव्हा माझ्या डोक्यात मांजरं आली. चारही चाकांना लागलेली मांजरं, आणि पदराला हात पुसणारी आई. गाडी सुटली होती.

ही भीती कशी असते ते सांगता येत नाही. समोर धक्का जवळ येत होता. धक्क्यावर पाट्या मांडून बायका ओळीनं बसल्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. त्यांच्या पलीकडे पाणी. मी हॉर्न दाबून धरला आणि "बाजू! बाजू!" म्हणून ओरडायला लागले, पण लिलावाच्या गलक्यात कोण ऐकतंय? शेजारी आई हसत होती, तिला वाटलं मी हौसेनं पळवतेय. मग तिचं हसू थांबलं. तिला पाणी दिसलं. तिनं दोन्ही हातांनी समोरची पत्र्याची फळी धरली आणि तिच्या तोंडातून एकच शब्द आला, "बाय."

डावीकडची फट. मला दुसरं काही सुचलं नाही. सगळा जीव हातात आणून मी स्टेअरिंगचं चाक डावीकडे ओढलं. एका घराच्या पायरीचा कोपरा उडाला, हौद्याची फळी कडाकड मोडली, कुणाचं तरी वाळत घातलेलं जाळं नाकावर आलं आणि पुढं काही दिसेना. मग एकदम खालून गाडीला कुणी धरल्यासारखं झालं. वाळू! चाकं रुतली, गाडी फरफटत गेली, डुलली आणि दोन होड्यांच्या मध्ये जाऊन थांबली.

माझे हात चाकावरून सुटेनात. मी मान वळवून आईकडे बघितलं. मला खात्री होती की ती गेली. ती डोळे उघडे ठेवून समोर बघत बसली होती, तोंड पांढरंफटक. मी कमरेची डबी काढली, गोळी पायाशी सांडली, दुसरी काढली, तिच्या जिभेखाली ठेवली. "आई, बोल. आई, काहीतरी बोल गो." ती बोलली नाही, पण तिची छाती वरखाली होत होती. मी तीच बघत राहिले.

मिस्त्री धावत आले, चहाचा ग्लास हातातच. वाकून चाकाच्या आत बोट घातलं, वास घेतला. "तेल? ब्रेकला तेल कुणी घातलं?"

आईनं तोंडातली गोळी एका गालात घेतली. "मी घातलं. पहाटे. तेल पाजल्याबिगर कुनी होडी भाईर काढतं का?"

मिस्त्रींनी बोट वाळूत पुसलं. माझ्या मनात संताप उसळला होता, भीतीचा संताप, तो आईवर काढावा की मिस्त्रींवर की स्वतःवर ते कळत नव्हतं.

तोवर धक्क्यावरच्या बायका वाळूवर आल्या. त्यांना काय दिसलं होतं? गाडी सुसाट आली, वळली, जाळं डोक्यावर घेऊन होड्यांत घुसली. त्या हसत होत्या. पोट धरधरून हसत होत्या. "काय गो आजी, हौस फिटली का?" "पोरीनं आज सकाळीच घेतली वाटतं!" कुणी काचेवरचं जाळं ओढलं, कुणी नाकावरचं हळदकुंकू बघून आणखी हसली.

मी म्हटलं, आई, चल, उतरूया. तिनं हात वर करून मला थांबवलं. ती त्या हसणाऱ्या बायकांकडे बघत होती, एकेकीच्या तोंडाकडे. मग तिनं मान वळवून धक्क्याच्या काठाकडे बघितलं, जिथं होड्या बांधायचा तो दगड आहे. बराच वेळ त्या दगडाकडे बघत राहिली. तिचे हात अजून पत्र्याच्या फळीवर होते.

"इंजिन न्हवतं बसलं," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. मग कळलं. तो दिवस, तो दणका, केबिनमधून न उतरलेले बाबा. मागं हौद्यात आम्ही सगळ्या होतो. आई होती. मी होते.

"त्यानं हे बघितलं व्हतं," आई म्हणाली. "एकट्यानं. हितं बसून." तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, ती ते पुसत नव्हती. बाहेर बायका अजून खिदळत होत्या.

"किती भ्याला असंल गो तो," ती म्हणाली. "आनी आमी मागं हसत व्हतो."